बापाच्या मापाचा कोट

"बुर्गी, हनुवटी वर. हे कधी मान पाडून उभे राहत नसत."

हेडविगबाईंनी विणकामावरची नजरसुद्धा न उचलता सांगितलं, आणि खोक्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं हनुवटी वर केली. अंगात बापाचा काळा, मागे शेपट्या असलेला कोट. बापाची विजार. बापाचा खळ घातलेला शर्ट, ज्याची कॉलर गळ्याला करकचून काचत होती. छातीवर कैसरांनी दिलेलं पदक. उजवा हात वर, हातात वादकांना ताल दाखवायची चेरीच्या लाकडाची कांडी. आता हात माणसाचा, तो वर राहून राहून किती राहणार? म्हणून शिल्पकार द्रोबनिचनं छताच्या तुळईवरून एक पट्टा सोडला होता. त्याच्या फासात मनगट अडकवलं की हात आपला लोंबकळत राही. मुंग्या येत, पण खाली पडत नसे.

"पुतळ्याला खाज सुटत नाही," बुर्गी म्हणाली. "मला सुटते."

"कुठं?" मातीनं बरबटलेल्या हातांनी द्रोबनिचनं विचारलं.

"आत्मा असतो तिथं."

"तिथलं मला येत नाही, फ्रॉइलाइन. मी खांद्यापर्यंतचा माणूस. खांदा झाला की कॉफी पिऊ."

"बोलू नका दोघं," हेडविगबाई म्हणाल्या. "चुणी पडते कोटाला."

बाप म्हणजे आम्ब्रोस थानहोफर. आमच्या ग्राट्सच्या ऑपेराचे संचालक आणि पाच सिम्फनींचे कर्ते. जाऊन दोन हिवाळे झाले होते. हयातीत गावानं त्यांना काही कमी छळलं नाही. सिम्फनी फार लांब, तुताऱ्या फार मोठ्या, गाणाऱ्या बायकांना रडवतात, एक ना दोन. चौथी सिम्फनी सुरू असताना मागच्या रांगेतल्या मंडळींनी डबे उघडून सॉसेज खाल्ले होते, आणि त्यांचा वास पार व्यासपीठापर्यंत गेला होता. माणूस मेला आणि त्याच मंडळींना प्रेमाचं भरतं आलं. स्मारक समिती काय, बागेत पुतळा काय! समितीत सॉसेजवाले सगळे होते.

पुतळ्याचं घोडं अडलं ते मापावर. माइस्टरांचे, म्हणजे आमच्या उस्तादांचे, फोटो सगळे छातीपर्यंतचे. चेहऱ्याचा साचा होता, कारण तो मेल्यावर काढलेला. कोट होता, कांड्या होत्या, चष्मा होता. पण कोटात घालायला माणूस मिळेना. उंच, रुंद खांद्यांचा, लांब हातांचा आणि तरी कमरेला चिपाड असा माणूस ग्राट्समध्ये एकच जन्मला होता आणि तो पुरला गेला होता. बंबवाल्यांतला एक धिप्पाड गडी आणून पाहिला, तर त्यानं हात वर करताच काखेत टर्र झालं. हेडविगबाई मटकन खाली बसल्या. पाणी पिऊन सावरल्यावर त्यांची नजर शेजारी उभ्या असलेल्या मुलीवर गेली, आणि तिथंच बुर्गीचं काम झालं.

"अगदी बापावर गेलीय हो!" हे बुर्गी लहानपणापासून ऐकत आली होती. लहानपणी ते कौतुक होतं. पुढं नाचाच्या वर्गात मुलगे तिच्या हनुवटीपर्यंत यायला लागले, तेव्हा तेच वाक्य आयाबाया हळू आवाजात म्हणायला लागल्या. आणि आता तिशी उलटल्यावर तिला त्याच मापाच्या कोटात घालून खोक्यावर चढवलं होतं.

पण खरं दुखणं खोकं नव्हतं. खरं दुखणं वेगळं होतं.

बुर्गी व्हायोलिन वाजवायची. चांगलं वाजवायची, आणि हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाप असताना ती कपड्यांच्या कोठीत दार लावून, तारांवर आवाज मंद करणारी दाबपट्टी बसवून वाजवायची, कारण माइस्टरांना घरात दुसऱ्या कुणाचा सूर खपत नसे. बाप गेल्यावरही कोठीतच.

"बाबा गेले आई. आता कुणाला त्रास होतोय?"

"सवय मोडायला नको."

सवयी हेडविगबाईंनी सगळ्याच जपल्या होत्या. संध्याकाळी सपाता शेगडीपाशी गरम करायला ठेवायच्या आणि रात्री उचलायच्या. खिडकी उघडायची नाही, ह्यांना वारा बाधतो. सॅलडवर भोपळ्याच्या बियांचं तेल ह्यांच्या आवडीइतकं, म्हणजे पानं बुडतील एवढं. त्या घरात माणूस मेला होता असं शेगडीला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

अशात पेट्रोनेला क्रेन भेटली. तिचा बायकांचा वाद्यवृंद होता. पांढरे झगे, निळे कमरपट्टे, आणि गावोगावच्या कॉफीगृहांत वाजवणं. माइस्टर त्यांना 'बिअरच्या फेसावरच्या माश्या' म्हणत. एकदा घरी आली असताना पेट्रोनेलानं कपड्यांच्या कोठीबाहेर कान लावून बुर्गीला ऐकलं होतं आणि सरळ म्हणाली होती, "माझी पहिली व्हायोलिनवाली लग्न करून बसलीय. ट्रिएस्टला जायचं, तिथून बोटीनं अलेक्झांड्रिया. येतेस?"

येते, असं बुर्गी लगेच म्हणाली होती. मग आईनं म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. ते झालं. मग ह्यांची खोली लावू दे. लावली. मग पुतळा. पेट्रोनेला तोवर एकदा इटलीला जाऊन आली, एकदा बुखारेस्टला. या खेपेला तिनं निरोप पाठवला होता: ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारची दक्षिणेची गाडी. आलीस तर तू, नाही तर लिंट्झची एक मुलगी तयार आहे. मी काही तुझा पुतळा होईपर्यंत थांबणार नाही.

तो शनिवार आज होता.

बुर्गीनं व्हायोलिन आधीच पेट्रोनेलाकडे पोचवलं होतं, दुरुस्तीला दिलंय अशी थाप मारून. पण हेडविगबाईंनी काही उन्हात केस पांढरे केले नव्हते. कोठीतली रिकामी खुंटी त्यांनी हेरली होती. सकाळी द्रोबनिचच्या कारखान्यात आल्यावर बुर्गी पडद्याआड कपडे बदलून बाहेर आली, तेव्हा त्यांनी तिचा झगा, परकर, बूट, टोपी, सगळं उचलून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली विणकामाच्या पिशवीत टाकली.

"धूळ बसते," एवढंच म्हणाल्या.

आता सांगा, बाईमाणसानं पुरुषाच्या विजारीत ग्राट्सच्या रस्त्यावर पाऊल टाकायचं? कुलूप कपाटाला होतं, पण अडकली होती बुर्गी.

अकराच्या सुमारास होफराट श्टॉकिंगर आले. हे समितीचे अध्यक्ष. होफराट, म्हणजे दरबारी सल्लागार, ही पदवी त्यांना मिळाली त्या दिवसापासून त्यांच्या बायकोनेही त्यांना नावानं हाक मारली नव्हती. मागून समितीचे दोन सभासद काचेची पेटी धरून आले. पेटीत निळ्या मखमलीवर माइस्टरांचा हात होता. प्लास्टरचा. चेहऱ्याच्या साच्याबरोबर काढलेला.

"बाईसाहेब, आनंदाची बातमी!" होफराट हेडविगबाईंच्या हातावर ओठ टेकवत म्हणाले. "संग्रहालय मंजूर! तुमचंच घर. सगळं आहे तसं ठेवायचं. पियानो, सपाता, चष्मा, सगळं. आणि हा हात मधोमध."

"आणि आम्ही?" हेडविगबाईंनी विचारलं.

"तुम्ही कुठं जाताय? मागच्या दोन खोल्या तुमच्या. आणि आपली फ्रॉइलाइन वाल्बुर्गा रखवालदारीण! आजन्म! ठरावच केलाय तसा. रक्ताचं माणूस दार उघडायला असलं की पाहुण्यांवर काही वेगळाच परिणाम होतो."

वाल्बुर्गा म्हणजे बुर्गीच; खोक्यावरच्या त्या रक्ताच्या माणसाला कुणी विचारलं नाही. माणूस कसला, त्या घटकेला ती सगळ्यांच्या लेखी कोट होती.

होफराटनी पेटी उघडली आणि हात असा बाहेर काढला जणू पाळण्यातलं पोर. "द्रोबनिच, हे बघून घ्या. ही करंगळी. बघा कशी वाकडी आहे. सबंध युरोपात अशी करंगळी नाही! व्हिएन्नाच्या प्राध्यापकांनी हिच्यावर लेख लिहिलाय. माइस्टरांचा तो अगदी हळुवार सूर, तो या करंगळीतून यायचा. असा हात शतकात एकदा होतो. आणि पुरुषाचाच हं! बायकांच्या हातात ही हुकूमत येत नाही, कितीही निळे पट्टे बांधा."

समितीच्या दोघांनी माना डोलावल्या. द्रोबनिच मात्र त्या करंगळीकडे बघत होता, आणि मग पट्ट्यात लटकणाऱ्या हाताकडे. दोन महिने तो हात त्याच्यासमोर होता.

"तो माझा हात आहे," बुर्गी म्हणाली.

"अर्थातच!" होफराट हसले. "बापलेकीचा हात एकच. किती सुंदर बोललात!"

"तसं नाही हो. तो माझा आहे. बाबांचे हात शेवटी पाण्यानं सुजले होते. आई म्हणाली, ह्यांचा हात असा नव्हता. आणि माझं मनगट धरून ओल्या प्लास्टरमध्ये दाबलं. करंगळी मी सहा वर्षांची असताना मोडलीय. पियानोच्या झाकणाखाली."

झाकण कसं पडलं ते तिनं सांगितलं नाही. ते झाकण पडलं नव्हतं. बापाच्या पियानोला तिनं न विचारता हात लावला होता आणि बापानं ते आदळलं होतं.

मग होफराट हेडविगबाईंकडे वळले, अगदी मृदूपणे. "पोर थकलीय बाईसाहेब. दोन महिने बापाच्या कोटात उभी आहे, दुसरं काय होणार! मी समजू शकतो."

बुर्गी आईकडे बघत होती. एक शब्द. 'हो' एवढा एकच शब्द आईनं बोलावा. बोल ना गं! तिला वाटलं, आत्ता बोलली तर मी थांबेनसुद्धा. झक मारत दार उघडेन आजन्म, पण बोल.

हेडविगबाईंनी विणकामाचे टाके मोजायला घेतले.

"आई, कपाटाची किल्ली दे."

"खांदा व्हायचाय अजून."

"किल्ली दे."

"पुतळा झाल्यावर देईन. सगळं पुतळा झाल्यावर."

मग बुर्गीनं मनगट फासातून काढलं. हात मुंग्यांनी बधिर होऊन धाडकन खाली आला, कांडी जमिनीवर पडली, आणि समितीचे दोघे ती उचलायला एकदमच वाकले आणि डोक्याला डोकं आपटून कळवळले. ती खोक्यावरून उतरली. पायात बापाचे चकचकीत काळे बूट होते, तेही तिच्या मापाचे.

"अगं अशा वेशात? लोक काय म्हणतील!"

"म्हणतील, माइस्टर चालले."

द्रोबनिचनं दार उघडून धरलं. वाटेत न येण्याइतकी अक्कल त्याला होती.

बाहेर मूर नदीवरून बोचरा वारा सुटला होता. पुलावर येईपर्यंत ती दर चार पावलांनी मागे वळून बघत होती. आता कुणीतरी हटकणार. आता कुणीतरी ओरडणार. समोरून ऑपेराचा झेप नावाचा म्हातारा दरवान काठी टेकत येत होता. त्यानं कोट पाहिला. त्यानं वर बघायच्या आतच त्याच्या हातानं टोपी काढली.

"सलाम, डायरेक्टरसाहेब!"

मग त्यानं वर पाहिलं, आणि छातीवर क्रूस काढत कठड्याला टेकून उभा राहिला. बुर्गीनं मान झुकवली. बाप कधी झुकवत नसे.

पलीकडच्या चौकात बाजारच्या बायकांनी मात्र ओळखलं. "अगं बाई, ही थानहोफरांची ना? विजार घालून? कलियुग बाई, कलियुग!" कोपऱ्यावरचा पोलीस पुढं आला. विजारीतली बाई म्हणजे त्याच्या लेखी गुन्हाच. पण नजर पदकावर गेली, आणि कैसरांच्या पदकापुढं पोलिसाचा हात काय करणार? कपाळाला गेला. बुर्गी त्याच्या समोरून गेली. लाजेनं कान पेटले होते, आणि तरी तिला हसू येत होतं. बापानं जन्मभर तिला एक पाऊल टाकू दिलं नाही आणि आज बापाच्याच कोटाला सगळं गाव वाट करून देत होतं. रागही आला त्याचा. तिच्या स्वतःच्या झग्यात कुणी दिली असती का?

स्टेशनवर पांढऱ्या-निळ्या बायकांचा घोळका होता. पेट्रोनेला क्रेन तोंडातली विडी काढून बघतच राहिली.

"अगं ए बये, तुला यायला सांगितलं होतं, सोंग आणायला नाही!"

"कपडे कुलपात आहेत."

"मग काय ट्रिएस्टपर्यंत बापाच्या अंगातच बसणार?"

"बसेन."

बायका खदखदून हसल्या, आणि बुर्गीही हसली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ही कोण बाई, बिनटोपीची?"

हेडविगबाई थानहोफर फलाटावरून धावत येत होत्या. डोक्यावर टोपी नाही, अंगावर शाल नाही. ग्राट्समध्ये त्यांना टोपीशिवाय फक्त नवऱ्यानं पाहिलं होतं. कडेला गाठोडं. संपलं, बुर्गीला वाटलं. आता रडेल, हात धरेल, आणि मी जाईन परत. मला माहीत आहे मी जाईन.

"कोट दे," हेडविगबाई धापा टाकत म्हणाल्या.

"काय?"

"कोट. आणि विजार. हा घे तुझा झगा."

बुर्गीला रडावं की ओरडावं कळेना. "म्हणजे तू कोटासाठी आलीस? एवढी धावत?"

"मग काय! कोट नेलास तर ते होफराट तार करतील, पुढच्या स्टेशनवर उतरवतील तुला. कोट त्यांना हवाय. तुझ्यामागं त्यांच्यातलं कोणी नव्हतंच लागलेलं." त्यांनी श्वास घेतला. "मीच लागले होते. चल लवकर, गाडी सुटेल."

बायकांच्या प्रतीक्षागृहात आईनंच तिच्या कॉलरची गुंडी काढली. गळ्यावर लाल वळ उमटला होता. आईनं तो पाहिला. मग बाही सोडवताना मुलीचा उजवा हात हातात आला, आणि तो तिनं सोडला नाही.

"झाकण आदळलं ना, तेव्हा मी शेजारच्याच खोलीत होते," ती म्हणाली. "ऐकलं मी सगळं. तुझं ओरडणंही. पण हे चिडलेले असले की मी आत जात नसे."

बुर्गीनं मोकळ्या हातानं शर्टाची पुढची गुंडी काढली.

"तुझाच हात आहे तो. आज म्हणायचं होतं मला. तोंडच उघडलं नाही गं. सवय नाही."

"चल माझ्याबरोबर," बुर्गी एकदम म्हणाली. "आई, खरंच चल. समुद्र बघशील."

"वेडी का तू? संध्याकाळी सपाता कोण ठेवणार?"

थट्टा असेल म्हणून बुर्गीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. ती बाई मनापासून विचारत होती.

गाडीनं शिटी दिली. पेट्रोनेलानं बुर्गीला दंडाला धरून अक्षरशः डब्यात ओढलं. आई खाली उभी, कोट दोन्ही हातांवर आडवा घेतलेला. वाऱ्यानं तिचे विरळ केस उडत होते आणि ओठ निळे पडले होते.

"आई, घाल तो! गारठून जाशील!"

"छे! ह्यांचा कोट..."

"घाल म्हणते ना!"

बंबवाल्याच्या अंगात तो कोट उसवला म्हणून जी मटकन खाली बसली होती, तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि एक हात घातला. मग दुसरा. शेपट्या तिच्या घोट्यांपर्यंत आल्या. पदक पोटावर आलं. बाह्यांत हात कुठं गेले ते कळेना.

"द्रोबनिचला आता मीच उभी राहीन," ती वर बघून ओरडली. "पुतळा बुटका झाला तर होऊ दे!"

बायका हसल्या. बुर्गीला हसता आलं नाही. गाडी हलली. आईनं निरोपाला हात वर केला, पण हात दिसतच नव्हता. नुसती रिकामी बाही हलत होती, आणि वळण येईपर्यंत बुर्गी तिच्याकडेच बघत राहिली.